‘इंटरनेटचे व्यसन’ : एका नामकरणाचा इतिहास

१

इंटरनेट व मोबाईल यांच्या अतिवापराविषयी हल्ली जे बोलले व लिहिले जाते, त्यात ‘व्यसन’ हा शब्द इतका सहज येतो की, तो येथे कोठून आला याचा विचार करण्याचे कोणास कारण पडत नाही. वस्तुतः अशा वर्तनासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. छंद, नाद, वेड, चटक, चाळा, हव्यास असे कितीतरी शब्द आपल्या बोलण्यात आहेत आणि त्या प्रत्येकाची पायरी निराळी आहे. छंदाचे कौतुक होते, वेडाला क्षमा मिळते, चाळा दुर्लक्षिला जातो, नादाबद्दल रागे भरले जाते. व्यसन या शब्दात मात्र दोष आणि नाश या दोन्ही कल्पना एकत्र आलेल्या आहेत. ‘मुलाला मोबाईलचा नाद आहे’ आणि ‘मुलाला मोबाईलचे व्यसन आहे’ या दोन वाक्यांतील मूल एकच असू शकेल. परंतु पहिले वाक्य बोलणारा पालक मुलाला दटावतो आणि दुसरे बोलणारा त्याला डॉक्टरांकडे नेतो. नाव बदलले की उपाय बदलतो, आणि उपायाबरोबर जबाबदारीही एकाकडून दुसऱ्याकडे जाते. यास्तव हे नाव कोणी, केव्हा आणि कोणत्या पूर्वोदाहरणावरून दिले, हे पाहणे केवळ शब्दांची हौस म्हणून सोडून देता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या नामकरणाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘व्यसन’ हा शब्द ‘वि’ या उपसर्गासह ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. जे मनुष्याला त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन, अशा आशयाची व्युत्पत्ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आढळते. त्या ग्रंथाचे आठवे अधिकरण व्यसनांनाच वाहिलेले असून तेथे राजा, अमात्य, दुर्ग, कोश इत्यादी राज्याच्या अंगांवर येणारी संकटे आणि पुरुषाचे दुर्गुण यांचा विचार एकाच शब्दाखाली केला आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामापासून उद्भवणारी दहा व क्रोधापासून उद्भवणारी आठ व्यसने सांगितली आहेत. पहिल्या दहांत मद्य आहे, तसेच द्यूत, दिवसाची झोप आणि निष्कारण भटकणेही आहे. म्हणजे शरीरात जाणारा पदार्थ आणि पुनःपुन्हा घडणारी कृती असा भेद या शब्दाने मुळात केलाच नाही. पोटात काही जात नाही, मग त्याला व्यसन कसे म्हणावे, हा प्रश्न पाश्चात्त्य वैद्यकात पुष्कळ काळ वादाचा होता. आपल्या शब्दाला तो कधी पडला नाही.

द्यूताविषयी अर्थशास्त्रात जी चर्चा येते ती या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. द्यूत व स्त्रीव्यसन यांत अधिक घातक कोणते, या प्रश्नावर कौणपदन्त नावाच्या पूर्वाचार्याचे मत तेथे दिले आहे. जुगारी रात्री दिव्याच्या उजेडातही खेळतच राहतो, आई मृत्यू पावली तरी उठत नाही, आणि अडचणीच्या वेळी त्याला काही विचारले तर तो चिडतो, असे हा आचार्य म्हणतो. मलमूत्राचा वेग रोखल्याने व उपाशी राहिल्याने जुगाऱ्याला रोग जडतात, हेही त्याच प्रकरणात द्यूताच्या दोषांत सांगितले आहे. जागरण, कर्तव्याचा विसर, अडवले असता येणारा संताप आणि देहधर्माची हेळसांड या चार गोष्टी आजच्या चिकित्सकाच्या प्रश्नावलीतही आढळतात. तथापि, प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. कौटिल्यापुढे प्रश्न होता तो राजाचा. राजा व्यसनी झाला तर राज्य बुडते, म्हणून ही चिकित्सा. सामान्य गृहस्थाच्या संध्याकाळचे काय होते, हा त्याचा विषय नव्हता.

इंग्रजीतील ‘अॅडिक्शन’ या शब्दाचे मूळ याहून निराळ्या क्षेत्रात आहे. लॅटिन ‘अॅडिकेरे’ म्हणजे निर्णयाने एखाद्याच्या हवाली करणे. रोमन कायद्यात जो ऋणको कर्ज फेडू शकत नसे, त्याला न्यायाधिकारी धनकोच्या स्वाधीन करी. अशा मनुष्याला ‘अॅडिक्टस’ म्हणत. सोळाव्या शतकातील इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘वाहून घेतलेला’ असा होता व तो धर्म किंवा विद्या यांच्या बाबतीतही योजला जाई. अफू, मॉर्फिन यांच्या आहारी गेलेल्यासाठी तो नाम म्हणून रूढ झाला विसाव्या शतकाच्या आरंभी. जर्मन भाषेतील ‘झुख्ट’ हा शब्द तिसऱ्याच दिशेने आला आहे. ‘शोधणे’ या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी लोक त्याचा संबंध जोडतात; परंतु त्याचे खरे नाते आजारी असणे या अर्थाच्या जुन्या धातूशी आहे.

एकाच अवस्थेकडे पाहण्याच्या या तीन रीती आहेत. संस्कृत शब्द मनुष्य कोठून ढळला हे सांगतो, जर्मन शब्द त्याला काय झाले आहे हे सांगतो, आणि लॅटिन शब्द तो कोणाच्या ताब्यात गेला हे विचारतो. धनकोवाचून ‘अॅडिक्टस’ संभवत नाही, हा या शब्दाचा विशेष पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

३

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ‘लेझेझुख्ट’ म्हणजे वाचनाचा रोग या विषयावर मोठा वाद माजला होता. कादंबऱ्यांच्या वाचनामुळे स्त्रिया गृहकृत्ये विसरतात, तरुणांची कल्पनाशक्ती भडकते, बैठकीने शरीर बिघडते, असे आक्षेप तेव्हा घेतले जात. पुढे हा रोग नाहीसा झाला, किंबहुना वाचन हा सद्गुण ठरला. आज ‘मुले वाचत नाहीत’ हीच तक्रार आहे. इंटरनेटविषयीची चिंताही अशीच विरून जाईल, असे म्हणणारे या इतिहासाचा आधार घेतात.

हा आधार अर्धाच खरा आहे. प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर वडीलधाऱ्यांची चिंता जन्मास येते, हे खरे. परंतु पुस्तकाला शेवटचे पान असते. वाचकाने पुस्तक कोणत्या पानावर मिटले हे मुद्रकास कळत नसे, आणि कळले असते तरी ते पान रातोरात बदलून वाचकाला पुन्हा बसवून ठेवण्याची शक्ती त्याच्याकडे नव्हती.

४

आता प्रत्यक्ष नामकरणाकडे वळू. १९९४ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी त्या पुस्तिकेच्या शैलीचे विडंबन म्हणून ‘इंटरनेट अॅडिक्शन डिसऑर्डर’ या नावाचा एक रोग कल्पिला. बोटांच्या टंकलेखनासारख्या ऐच्छिक वा अनैच्छिक हालचाली हेही त्यांनी त्याचे एक लक्षण म्हणून नोंदविले होते. परंतु ज्यांनी ही थट्टा वाचली त्यांच्यापैकी काहींनी तीत स्वतःला ओळखले व ते खरोखरीच मदत मागू लागले. गोल्डबर्ग स्वतः मात्र या अवस्थेला व्यसन म्हणावे या मताचे नव्हते.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये टोरांटो येथे भरलेल्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनात किंबर्ली यंग यांनी या विषयावर गंभीरपणे निबंध वाचला. त्यांनी आठ प्रश्नांची जी कसोटी तयार केली, तिच्यासाठी साचा घेतला तो विकृत जुगाराच्या निदानाचा. आठांपैकी पाच प्रश्नांना होकार आला की मनुष्य व्यसनाधीन समजावा. म्हणजे इंटरनेटचे व्यसन ही कल्पना प्रथमपासून द्यूताच्या मुशीत ओतली गेली आहे. कौणपदन्ताचा जुगारी आणि आजचा व्यसनाधीन यांच्यातील साम्य पाहून आपण चकित होतो खरे. पण ते साम्य काही अंशी या साच्यामुळेच आले आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. यंग यांच्याच पाहणीतील एक निष्कर्ष मात्र पुरेसा चर्चिला गेला नाही. व्यसनाधीन ठरलेल्यांचा बहुतेक वेळ माहिती वाचण्यात नव्हे, तर गप्पा व सामूहिक खेळ यांसारख्या दुतर्फी संवादात जात होता. त्यांना ओढ होती ती यंत्राची नव्हे, यंत्रापलीकडील माणसांची.

यानंतरच्या काळात अधिकृत संस्थांनी जी पावले टाकली ती सावधपणाची होती. २०१३ साली निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत जुगार प्रथमच मादक पदार्थांच्या व्यसनांशेजारी आला. इंटरनेटवरील खेळांच्या विकाराला मात्र ‘अधिक अभ्यास आवश्यक’ असलेल्या अवस्थांच्या विभागात जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेले व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेले रोगांचे अकरावे वर्गीकरण ‘गेमिंग’चा विकार मान्य करते. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची तीन लक्षणे होत. ‘इंटरनेटचे व्यसन’ या नावाचा स्वतंत्र विकार या दोन्ही ग्रंथांत नाही. आपल्याकडे बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी विशेष चिकित्सालय चालते. सारांश, लोकभाषेत जे सिद्ध सत्य झाले आहे, ते शास्त्राने केवळ एका कोपऱ्यापुरते स्वीकारले आहे.

५

शास्त्राच्या या संकोचाचे एक कारण उघड आहे. मद्य सोडता येते. ज्या यंत्रावर रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा अर्ज, निकाल, बँकेचा व्यवहार आणि संशोधनाची साधने येतात, ते यंत्र सोडता येत नाही. संपूर्ण वर्ज्य करणे हा व्यसनमुक्तीचा परंपरागत मार्ग येथे बंद आहे. भारतात तर २०१६ च्या सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर इतके उतरले की, किंमत हा जो एक स्वाभाविक बांध होता तोही राहिला नाही. यामुळे तासांची नुसती बेरीज निरर्थक ठरते. रात्री बारा वाजता जागा असलेला विद्यार्थी प्रबंधासाठी वाचत आहे की बोटाने पडदा सरकवीत आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. पुष्कळदा त्याचे त्यालाही सांगता येत नाही, कारण पहिल्या कामातून दुसऱ्यात तो केव्हा गेला हे त्याच्या ध्यानात राहिलेले नसते.

हे ध्यानात न राहणे योगायोगाने घडत नाही. बक्षीस ठरावीक वेळी न देता अनिश्चित अंतराने दिले, तर प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करीत राहतो, हे फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले होते. माहितीची विपुलता झाली की अवधानाचे दुर्भिक्ष होते, असे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच प्रतिपादिले होते. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्यांना या दोन तत्त्वांचा व्यापारी उपयोग सापडला. २००६ साली एझा रास्किन यांनी पानाचा शेवटच येऊ न देणारी, अखंड सरकत राहणारी रचना केली व पुढे तिच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २००९ साली फेसबुकवर ‘लाईक’चे बटण आले. कोणाची पसंती केव्हा येईल हे अनिश्चित, म्हणून पुनःपुन्हा पाहणे आले. येथे लॅटिन शब्दातील धनको पुन्हा दृष्टीस पडतो. ‘व्यसन’ म्हटले की आपण मुलाच्या चारित्र्याकडे पाहतो, ‘रोग’ म्हटले की त्याच्या मेंदूकडे. ज्याच्या हवाली तो झाला आहे त्याच्याकडे पाहण्याचे दोन्ही वेळा राहून जाते.

६

निरनिराळ्या देशांनी योजलेले उपाय पाहिले असता नाव आणि जबाबदारी यांचा हा संबंध अधिक स्पष्ट होतो. चीनमधील एका रुग्णालयात इंटरनेटच्या आहारी गेलेल्या किशोरांना विजेचे झटके दिले जात. जुलै २००९ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने ते थांबविण्यास सांगितले. दोष मुलाच्या मेंदूत आहे असे एकदा धरले की उपचार कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण होय. दक्षिण कोरियाने २०११ साली १६ वर्षांखालील मुलांसाठी मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत ऑनलाईन खेळ बंद केले; परंतु त्या कायद्यात मोबाईलवरील खेळ येत नव्हते, आणि पुढे खेळ मोबाईलवरच गेले. २०२२ च्या आरंभी तो कायदा इतिहासजमा झाला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. या कायद्यात दंड आहे तो कंपन्यांना. मुलांना किंवा पालकांना नाही. हा कायदा यशस्वी होवो वा न होवो, धनकोला न्यायासनापुढे उभे करण्याची दृष्टी त्यात आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली जो उपाय केला तो याहून साधा आहे. कोरोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाईल आला व शाळा उघडल्यानंतरही तो सुटेना, असे दिसून आल्यावर गावाने ठरविले की, रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजावा व ८॥ पर्यंत घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद असावेत. या नियमात कोणाला व्यसनी म्हटलेले नाही, की रोगी ठरविलेले नाही. तो मुलांना आहे तसा आईवडिलांनाही आहे. शेजारच्या घरातही पडदा बंद आहे ही खात्री असल्यामुळे एकट्याने मागे राहण्याची भीती उरत नाही. आणि यंग यांच्या पाहणीतून दिसलेली माणसांची ओढ त्या दीड तासात निदान घरातल्या माणसांकडे वळू शकते. दिवेलागणीची वेळ ही आपल्याकडे पूर्वीपासून घरातील सर्वांची वेळ होती. गिरण्यांच्या काळात भोंग्याने माणसांना यंत्राकडे बोलावले. येथे तोच त्यांना यंत्रापासून उठवितो.

मराठीत ‘त्याने व्यसन केले’ यापेक्षा ‘त्याला व्यसन लागले’ किंवा ‘जडले’ असे आपण अधिक सहजपणे म्हणतो. वाक्यात कर्तेपण व्यसनाकडे असते व माणूस चतुर्थीत उभा असतो. भाषेच्या या जुन्या रचनेत एक न्यायबुद्धी आहे; परंतु व्यसन लावणारा कोण, हे मात्र त्या वाक्यात येत नाही. तो उल्लेख आपल्या विवेचनात यावा, आणि मुलाला ‘व्यसनी’ ठरविण्यापूर्वी ‘नाद’, ‘चाळा’, ‘चटक’ या पायऱ्यांचा भेद शिक्षकांनी, पालकांनी व चिकित्सकांनी काळजीपूर्वक वापरावा, एवढी मर्यादित सूचना येथे करावीशी वाटते. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या जिल्ह्यांतील बोलींत या वर्तनासाठी प्रत्यक्षात कोणते शब्द वापरले जातात याचा संग्रह केल्यास, लोक या गोष्टीकडे दोष म्हणून पाहतात, रोग म्हणून पाहतात की संकट म्हणून, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.