खाणीला परवानगी कोण देते? चंद्रपूरच्या कोळशाची दीडशे वर्षे

१९९९ साली चंद्रपूर आणि ठाणे जिल्ह्यातील पडघे यांना जोडणारी उच्च दाबाची एकदिश वीजवाहिनी सुरू झाली. लांबी सुमारे ७५० किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॅट. कोळसा वाहून आणण्यापेक्षा तो जिथे निघतो तिथेच जाळायचा आणि वीज तारेवरून आणायची, असा हा हिशेब आहे. जुईनगरच्या एखाद्या वर्गातला पंखा नेमक्या कोणत्या केंद्राच्या विजेवर फिरतो हे कोणी सांगू शकणार नाही, कारण एकदा जाळ्यात मिसळलेली वीज वेगळी ओळखता येत नाही. पण पश्चिम किनाऱ्यावरची शहरे आणि वर्धा नदीचे खोरे एका तारेने बांधलेली आहेत, हे त्या वर्गाला नक्की सांगता येईल.

शहरात वीज दिसते, खाण दिसत नाही. जुईनगरकरांना मात्र खाण अगदीच अपरिचित नाही. गावाच्या पूर्वेला पारसिकच्या डोंगरावर खडीसाठी फोडलेले उभे कडे लांबूनही दिसतात. तो दगड बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रपूरचा कोळसा त्याच्या चौपट जुना. फरक प्रमाणाचा आहे. डोंगराची खाण डोंगराची एक कूस खाते. कोळशाची उघडी खाण सपाट शेतजमिनीत उतरते आणि गाव, रस्ता, ओढा, विहीर सगळे पोटात घेत पुढे सरकते. अशी खाण सुरू करायला परवानगी लागते, हे आज आपण गृहीत धरतो. कोणाची परवानगी, आणि कशासाठी, याचे उत्तर मात्र गेल्या दीडशे वर्षांत फार बदलले आहे.

वर्धा खोऱ्यात कोळसा काढायला सुरुवात झाली ती वरोऱ्याला, १८७० च्या दशकात. वर्ध्याहून तिथवर रेल्वेचा फाटा नेला गेला, कारण या कोळशाचे मोठे गिऱ्हाईक रेल्वेच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वरोऱ्याची खाण बंद पडली आणि बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्गुस या बाजूला खाणी वाढल्या. त्या बहुतेक भूमिगत होत्या. सरकारचा प्रश्न तेव्हा सरळ होता : कोळसा कोणाच्या मालकीचा आणि सरकारला काय मिळणार? १९०१ च्या भारतीय खाण कायद्याने त्यात एक प्रश्न वाढवला, खाणीत उतरणारा मजूर जिवंत वर येतो का. हा प्रश्न मोठाच होता. पण दोन्ही प्रश्न खाणीच्या कुंपणाच्या आतले. कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसाचे कायद्यात नावही नव्हते.

ते नाव १९५७ साली आले, तेही जमीन देणारा म्हणून. कोळसायुक्त क्षेत्र संपादन कायद्याने सरकारला कोळसा असलेली जमीन घेण्याचा सोपा मार्ग मिळाला. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. कायद्यात एक खुलासाही आहे : 'इथे मला स्वतःला खाण काढायची आहे' ही हरकत समजली जाणार नाही. ज्याच्या शेतात ज्वारी आणि कापूस आहे तो असे कशाला म्हणेल, असा प्रश्न आपल्याला पडतो. हा कायदा लिहिताना समोर दुसरा खाणवाला होता, शेतकरी नव्हता, हे त्यावरून कळते.

१९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली कोल इंडिया आणि नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे विदर्भातल्या वर्तमानपत्रांची 'वेकोलि', स्थापन झाली. याच सुमारास खाणीचे स्वरूपही बदलले. त्या वेळी देशातला सुमारे चौथा हिस्सा कोळसा उघड्या खाणींतून येत असे. आज नव्वद टक्क्यांहून अधिक येतो. उघडी खाण लवकर सुरू होते, यंत्रांनी भरपूर माल देते आणि छत कोसळून माणसे दगावण्याचा धोका तिच्यात नसतो. मजुराच्या दृष्टीने ही प्रगतीच. पण जो धोका जमिनीखाली मजुराच्या डोक्यावर होता, त्याचा बराचसा भाग जमिनीवर शेजाऱ्यांच्या अंगणात आला.

तो कसा आला हे समजायला थोडे अंकगणित करावे लागेल. आठवीच्या वर्गाला सहज जमेल असे आहे. समजा एका खाणीतून १० लाख टन कोळसा काढायचा आहे आणि दर टनामागे ४ घनमीटर माती-दगड उचलावा लागतो. म्हणजे ४० लाख घनमीटर माती. कोळशाचे स्वतःचे आकारमान सुमारे ७ लाख घनमीटर. एकूण खड्डा ४७ लाख घनमीटरांचा. आता जमिनीत घट्ट बसलेला खडक फोडला की तो फुगतो, कारण तुकड्यांमध्ये पोकळी राहते. ही वाढ २५ टक्के धरली तर ४० लाखांचे ५० लाख होतात. म्हणजे कोळसा काढून नेल्यावरही खड्डा भरून वर माती उरायला हवी! मग चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत प्रचंड खड्डे आणि त्यांच्या शेजारी टेकड्या अशी जोडी का दिसते?

कारण वेळ. पहिली काही वर्षे उचललेली माती खड्ड्यात टाकता येत नाही, तिथे कोळसा कापणे चालू असते. ती बाहेर रचावी लागते. पुढे एका बाजूने कापत जायचे आणि मागच्या रिकाम्या जागेत भरत यायचे, हे शक्य होते आणि चांगल्या खाणीत होतेही. पण शेवटचा काप उघडा राहतो. तो बुजवायचा तर सुरुवातीला बाहेर टाकलेला डोंगर पुन्हा उचलून आणावा लागेल, आणि तेव्हा विकायला कोळसा उरलेला नसतो. डिझेलचा खर्च कोणी करायचा? पर्यावरणीय परवानगीतल्या बहुतेक अटी, हा एक प्रश्न खाण संपल्यावर नव्हे तर सुरू होण्यापूर्वी विचारण्यासाठी आहेत.

त्या मातीच्या थरात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे पाणी. वर्धा खोऱ्यात कोळशावर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे आणि तो चांगला जलधारक खडक आहे. खाणवाल्यांच्या भाषेत तो 'ओव्हरबर्डन', म्हणजे वरचे ओझे. विहिरीवाल्याच्या दृष्टीने तीच पाण्याची टाकी. खाण कोरडी ठेवण्यासाठी पंप चालवले की आजूबाजूचे भूजल खड्ड्याकडे उतरू लागते.

मातीच्या ढिगाऱ्यांकडे जगाचे लक्ष वेधले ते एका शाळेमुळे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन गावावर खाणीच्या कचऱ्याची टेकडी घसरली. १४४ माणसे गेली, त्यांपैकी ११६ मुले होती; बहुतेक जण सकाळी नुकतीच शाळेत येऊन बसली होती. ढिगारा जमिनीतल्या झऱ्यावर रचलेला होता. तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये अशा ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे झारखंडमधल्या राजमहाल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगारा कोसळून २३ कामगार मेले. ढिगाऱ्याचा उतार किती, पायऱ्या किती उंच, भोवती पाण्याचा चर आहे का, ही कंटाळवाणी वाटणारी कलमे परवानगीच्या पत्रात असतात ती यासाठी.

'आधी परिणाम सांगा, मग काम सुरू करा' हे तत्त्व कायद्यात पहिल्यांदा आणले ते अमेरिकेने, १ जानेवारी १९७० पासून. भारतात १९७६-७७ च्या सुमारास नियोजन आयोगाने नदीखोरे प्रकल्पांची अशी तपासणी सुरू केली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने जंगलाच्या जमिनीसाठी केंद्राची संमती आवश्यक केली, आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. मधल्या काळात डून खोऱ्यातल्या चुनखडीच्या खाणींचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८५ साली न्यायालयाने तिथल्या अनेक खाणी बंद केल्या आणि पर्यावरण व विकास यांचा तोल ठरवण्याचा हा देशातला पहिलाच खटला असल्याचे नोंदवले. तरीही नव्या खाणीला पर्यावरणीय मंजुरी सक्तीची झाली ती २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने. आणि गावकऱ्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकणे, म्हणजे जनसुनावणी, १९९७ साली बंधनकारक झाली. वरोऱ्यापासून मोजले तर सव्वाशे वर्षांनी.

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने आजची चौकट आखली. कंपनी अर्ज करते. तज्ज्ञ समिती कशाकशाचा अभ्यास करायचा ते ठरवून देते. अहवालाचा मसुदा तयार होतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ तीस दिवसांची सूचना देऊन सुनावणी घेते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी तिथे अध्यक्ष असतो. मग समिती शिफारस करते. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. कागदावर ही रचना चांगली आहे. तिचे दुखणे असे की अभ्यास करणाऱ्याला पैसे अर्जदारच देतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बॉक्साइटच्या एका खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उचललेला सापडला होता. गृहपाठ तपासणाऱ्या शिक्षकांना हा प्रकार नवा नाही! दुसरे दुखणे असे की खाण वाढवताना, काही मर्यादेपर्यंत, नव्याने सुनावणी घेण्यातून सूट देणारी परिपत्रके २०१२ पासून निघत राहिली. खाण मोठी होते तेव्हाच तर ती गावाजवळ येते.

या चौकटीची खरी परीक्षा चंद्रपूर शहराजवळ लोहाऱ्याला झाली. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या वीज प्रकल्पासाठी लोहाऱ्याचे कोळसा खंड अदानी समूहाला दिले गेले होते आणि २००८ साली अभ्यासाची कार्यकक्षा मंजूर झाली होती. जागा ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या जवळची, जंगलाची. खाण झाली तर वाघांच्या ये-जा मार्गाला धक्का बसेल, असा चंद्रपूरकरांचा आक्षेप होता. इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी २००९ साली उपोषण केले. जयराम रमेश तेव्हा पर्यावरणमंत्री होते. मंत्रालयाने दिलेली कार्यकक्षा जानेवारी २०१० मध्ये मागे घेतली. म्हणजे खाण मंजुरीच्या टप्प्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्याच वर्षी ताडोबाचा संरक्षक पट्टा अधिसूचित झाला.

'नाही' असे उत्तर मिळू शकते हे लोहाऱ्याने दाखवले, आणि त्याचे महत्त्व कमी नाही. पण ते उत्तर वाघामुळे मिळाले हेही नोंदवायला हवे. घुग्गुस, माजरी, सास्ती, पद्मापूर या बाजूला कोळशाच्या धुळीत आणि ब्लास्टिंगच्या हादऱ्यांत राहणाऱ्या माणसांच्या नावाने एखादी खाण अशी पहिल्याच पायरीवर थांबल्याचे उदाहरण मला माहीत नाही. २०२० साली केंद्राने लिलावाच्या यादीत ताडोबाजवळचा बंदर खंड घातला आणि राज्याच्या विरोधानंतर काढून घेतला, तेव्हाही कारण वाघाचेच होते.

माणसांच्या बाजूने बोलणारी एक आकडेवारी मात्र त्याच काळात पुढे आली. मंजुरी देताना एका वेळी एकच खाण पाहिली जाते : हिची धूळ किती, हिचे पाणी किती. प्रत्येक अहवाल आपापल्या जागी मर्यादेत बसतो आणि सगळ्यांची बेरीज माणसाच्या फुप्फुसात होते. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवा, पाणी व जमीन मिळून औद्योगिक पट्ट्यांचा एकत्रित निर्देशांक प्रसिद्ध केला. शंभरपैकी सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. देशात चौथा क्रमांक. नवी मुंबईही त्या यादीत होती, ७३.७७ गुणांनी. जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ क्षेत्रांत नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ थांबवण्यात आल्या. ही बंदी पुढे टप्प्याटप्प्याने उठली. तारेच्या दोन्ही टोकांकडचा पट्टा एकाच यादीत आला, हा योगायोग म्हणायचा की नाही, यावर वर्गात चर्चा घेता येईल.

खाण संपल्यावरच्या खर्चाचे उत्तर यायला तेवढाच वेळ लागला. ऑगस्ट २००९ मध्ये कोळसा मंत्रालयाने ठरवले की प्रत्येक खाणीची समाप्ती योजना सुरुवातीलाच करायची आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात दरवर्षी भरत जायचे : उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, भूमिगत खाणीसाठी १ लाख. हे दर पुढे वाढवले गेले. काही ठिकाणी उपयोगाची कामेही झाली आहेत. वेकोलिने नागपूर जिल्ह्यात ढिगाऱ्यांच्या मातीतून वाळू वेगळी करून विकायला सुरुवात केली. खाणीत साचलेले पाणी शुद्ध करून गावांना देण्याचेही प्रयोग झाले. वाळूचा प्रयोग मला विशेष वाटतो, कारण त्याने नदीचे पात्रही थोडे वाचते.

पण हे नियम आले ते २००९ नंतर. त्यापूर्वी ज्या खाणी काढून झाल्या आणि सोडून दिल्या गेल्या, त्यांच्यासाठी अशा खात्यात पैसे नाहीत. घुग्गुसच्या अमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी एक राहते घर जमिनीत गेले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातल्या माणसांना हादरा जाणवला आणि ती बाहेर पळाली म्हणून वाचली. घराच्या जागी साठ-सत्तर फुटांचा खड्डा उरला, आणि आजूबाजूच्या कुटुंबांना दुसरीकडे हलवावे लागले.