पहिला तास कोणाचा?

रेल्वेचा मोठा अपघात झाला की आपल्याकडे दोन प्रश्न लगेच विचारले जातात. चूक कोणाची? आणि राजीनामा कोण देणार? दुसऱ्या प्रश्नाची परंपरा १९५६ पासूनची. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यात अरियलूरजवळ पुरात पूल खचला, गाडी पाण्यात गेली, शंभराहून जास्त माणसं मेली आणि लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. पहिल्या प्रश्नासाठी तर स्वतंत्र यंत्रणाच आहे. अपघाताची चौकशी करणारे अधिकारी रेल्वे बोर्डाच्या हाताखाली असू नयेत म्हणून १९४१ साली त्यांना वेगळं काढलं गेलं. आज रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाला नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला उत्तरदायी असतात. ही व्यवस्था शहाणपणाची आहे.

पण तिसराही एक प्रश्न असतो, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. अपघात झाल्यानंतरच्या पहिल्या तासात नेमकं काय झालं? डब्यात अडकलेल्या माणसापर्यंत पहिला हात कोणाचा पोचला, किती वेळाने पोचला, आणि त्या हातात काय होतं? या तिसऱ्या प्रश्नालाही स्वतःचा एक इतिहास आहे. तो वाचताना मला सारखं जाणवत राहिलं की रेल्वेने अपघातानंतरची तयारी सुरुवातीपासून केली खरी, पण बराच काळ ती तयारी माणसासाठी कमी आणि रुळांसाठी जास्त होती.

जुने रेल्वेवाले ज्याला नुसतं 'ब्रेकडाऊन' म्हणत, ती गाडी आठवून पाहा. वाफेवर चालणारी अजस्र क्रेन, जॅक, लाकडी ठोकळे, साखळदंड, आणि सोबत तरबेज फिटर-खलाशांची टोळी. घसरलेले डबे बाजूला करायचे, रूळ जोडायचे, वाहतूक सुरू करायची, हे तिचं काम. यात निर्दयपणा होता असं नाही. एकेरी मार्ग बंद पडला तर दोन्ही बाजूंच्या गाड्या अडकून पडत, आणि जखमींना नेणारी गाडीसुद्धा त्याच रुळांवरून यायची असे. तरीही क्रेन हे काही प्राण वाचवायचं साधन नव्हे.

नियमांच्या पुस्तकात मात्र क्रम स्पष्ट लिहिलेला आहे. आधी जीव वाचवा आणि वेदना कमी करा. मग टपालासकट मालमत्तेचं रक्षण करा. मग इतर प्रवाशांना मदत करा. त्यानंतर अपघाताचं कारण शोधा, आणि सर्वांत शेवटी वाहतूक सुरू करा. अपघातस्थळी निघालेल्या मेडिकल व्हॅनला आणि मदतगाडीला मार्गावर सगळ्यांत वरचा अग्रक्रम असतो. राष्ट्रपतींची खास गाडीसुद्धा त्यांच्यानंतर. शेडमधला भोंगा वाजला की किती लांब आणि किती आखूड वाजला, यावरून आसपास राहणाऱ्या कर्मचाऱ्याला कळतं की अपघात यार्डात आहे की बाहेर, आणि मेडिकल व्हॅन लागणार आहे की नाही. दोन्ही बाजूंनी वाट असलेल्या सायडिंगवरून ही व्हॅन हुकूम मिळाल्यापासून पंधरा मिनिटांत निघाली पाहिजे, एकाच बाजूने वाट असेल तर वीस. मदतगाडीला दिवसा तीस मिनिटं, रात्री पंचेचाळीस.

हे सगळं वाचून बरं वाटतं. पण जरा हिशोब करा. अपघात झाला हे नियंत्रण कक्षाला कळायला वेळ लागतो. मग हुकूम, मग पंधरा मिनिटं, मग पन्नास-शंभर किलोमीटर धाव. सगळं नियमाबरहुकूम झालं तरी पहिला तास संपलेला असतो.

आणि डॉक्टरांचं लक्ष नेमकं त्याच तासावर असतं. बाल्टिमोरचे सर्जन ॲडम्स काउली यांनी 'गोल्डन अवर' ही कल्पना रूढ केली. गंभीर जखमीचा रक्तस्राव आणि शॉक तासाभरात आटोक्यात आला नाही तर त्याची जगण्याची शक्यता झपाट्याने घटते, असा तिचा आशय. घड्याळातली साठ मिनिटं हीच सीमारेषा मानावी का, यावर पुढे डॉक्टरांमध्ये वाद झाले. पण रक्त वाहत असलेल्या माणसाला थांबायला वेळ नसतो, एवढं समजायला वादाची गरज नाही.

ही गोष्ट रेल्वे अपघाताच्या संदर्भात जगाला पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती ८ ऑक्टोबर १९५२ ला, लंडनजवळच्या हॅरो अँड वील्डस्टोन स्थानकात. सकाळच्या गर्दीच्या वेळी उभ्या असलेल्या लोकलवर मागून रात्रीची एक्सप्रेस आदळली, आणि काही क्षणांतच समोरून आलेली तिसरी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. ११२ माणसं गेली, तीनशेहून जास्त जखमी झाली. त्या काळी ब्रिटिश रुग्णवाहिकेचं काम साधं होतं: उचला आणि रुग्णालयात पोचवा. जवळच्या तळावरून अमेरिकन हवाई दलाचं वैद्यकीय पथक आलं आणि त्यांनी उलटंच केलं. फलाटावरच प्लाझ्मा द्यायला सुरुवात केली, आणि कोणाला आधी हलवायचं, कोण थोडा वेळ थांबू शकतो, हे तिथेच ठरवलं. त्या पथकातली ॲबी स्वीटवाइन ही कृष्णवर्णीय परिचारिका, उपचार झालेल्या जखमींच्या कपाळावर खूण करायला दुसरं काही मिळेना म्हणून आपली लिपस्टिक वापरत होती. आज जगभर जखमींना लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या चिठ्ठ्या बांधतात, त्यामागचा विचार हाच. रणांगणावरची ही जुनी पद्धत त्या दिवशी नागरी रुग्णवाहिकांच्या जगाने डोळ्यांनी पाहिली. ब्रिटनमध्ये पुढे पॅरामेडिक सेवा उभी राहिली तिच्या इतिहासात या सकाळचा उल्लेख हमखास येतो.

घाईनेही माणसं मरतात, हा धडा ऑस्ट्रेलियाने शिकवला. जानेवारी १९७७ मध्ये सिडनीच्या ग्रॅनव्हिल उपनगरात गाडी घसरून पुलाच्या खांबांवर आदळली आणि काँक्रीटचा पूल डब्यांवर कोसळला. ८३ प्रवासी गेले. ढिगाऱ्याखाली दबलेले काही जण शुद्धीवर होते, बचाव पथकाशी बोलत होते, आणि वरचं वजन उचलल्यावर थोड्याच वेळात दगावले. दबलेल्या स्नायूंमधली विषारी द्रव्यं एकदम रक्तात जाऊन हृदय आणि मूत्रपिंडं निकामी होतात. लंडनवरच्या बाँबवर्षावाच्या काळात, १९४१ साली, डॉक्टरांनी याचं वर्णन करून ठेवलं होतं. आधी शिरेतून सलाइन, मग वजन उचलायचं, हा क्रम त्यातून आला. म्हणजे क्रेन हलण्याआधी डॉक्टर आत शिरला पाहिजे. जपानमध्ये २००५ साली आमागासाकीला गाडी वळणावर घसरून इमारतीत घुसली, १०७ माणसं गेली, तेव्हा डॉक्टरांनी चेपलेल्या डब्यात सरपटत जाऊन हेच केलं. दहा वर्षांपूर्वीच्या कोबे भूकंपाने त्यांना ते शिकवलं होतं.

आमागासाकीची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अपघाताच्या जागेला लागूनच एक कारखाना होता. व्यवस्थापनाने काम थांबवलं आणि कामगार हत्यारं, चादरी, जे सापडेल ते घेऊन धावले. सरकारी यंत्रणा यायच्या आधीच माणसं बाहेर काढली जात होती.

आपल्याला हे नवीन नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. तो अपघात नव्हता, घातपात होता. पण रुळांवर अडकलेल्या जखमींपुरता फरक शून्य. त्यांना रुळांलगतच्या वस्तीतल्या लोकांनी घरातल्या चादरींच्या झोळ्या करून उचललं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा एनडीआरएफ आणि नौदलाने हजारावर प्रवासी सुखरूप काढले. तिथेही आजूबाजूचे गावकरी मदतीला होतेच. आणि २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसचा भीषण अपघात झाला, तेव्हा अंधारात मोबाइलच्या उजेडात पहिले डब्यात शिरले ते शेजारच्या गावांतले लोक. त्याच रात्री बालेश्वरच्या रुग्णालयात रक्त द्यायला रांगा लागल्या.

याला आपण 'स्पिरिट' वगैरे म्हणतो आणि विषय संपवतो. माझ्या मते खरा विषय तिथे सुरू होतो. प्रत्येक वेळी हेच होणार असेल, तर ते योजनेत का नसावं?

गंमत म्हणजे ते कागदावर आहे. सप्टेंबर २००२ मध्ये बिहारमधल्या रफीगंजजवळ राजधानी एक्सप्रेस पुलावरून घसरली, शंभराहून जास्त प्रवासी गेले. त्यानंतर रेल्वेने आपल्या आपत्ती व्यवस्थापनाचा आढावा घ्यायला उच्चस्तरीय समिती नेमली. तिचा अहवाल २००३ साली आला. स्वतःच्या इंजिनाने धावणाऱ्या मदतगाड्या, ठिणग्या न उडवता पत्रा कापणारी हायड्रॉलिक हत्यारं, अशा गोष्टींवर त्या काळात भर आला. रेल्वेच्या आपत्ती योजनांमध्ये मदतीचे तीन टप्पे मांडलेले दिसतात. पहिला अर्धा तास गाडीतल्याच कर्मचाऱ्यांचा आणि प्रवाशांचा. पुढचे दोन-तीन तास जवळपासच्या लोकांचे. त्यानंतर येते सुसज्ज, प्रशिक्षित यंत्रणा. म्हणजे रेल्वेनेच मान्य केलंय की सगळ्यांत मोलाचा काळ सगळ्यांत कमी साधनं असलेल्या हातांत असतो.

कोकण रेल्वे याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून हॉलिडे स्पेशल घसरली, पन्नासहून जास्त प्रवासी गेले. वर्ष उलटतंय तोच १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून घसरली. दोन्ही वेळा जूनचा पाऊस, दोन्ही वेळा मार्गावर आलेले दगड. त्यानंतर पावसाळी वेळापत्रक, कमी वेग, गस्त, डोंगरउतारांवर जाळ्या हे सगळं आलं आणि त्याचा उपयोगही झाला. ती अर्थात अपघात टाळायची तयारी झाली. पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असेल, तर अपघात झाल्यावर ॲम्ब्युलन्स येणार कुठून? अशा ठिकाणी कटाच्या पलीकडच्या वाडीतला माणूस हीच खरी मदतगाडी. कुठली पायवाट रुळांपर्यंत येते, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, जवळची नर्स कुठे राहते, हे त्याला ठाऊक असतं. स्टेशन मास्तरच्या टेबलावर ही यादी ताजी असावी अशी अपेक्षा असते. ती किती ठिकाणी ताजी असते हे ज्याने त्याने आपल्या गावच्या स्टेशनवर विचारून पाहावं.

आणखी एक गोष्ट. पहिला बचाव जखमींचा नसतोच. तो दुसऱ्या गाडीचा असतो. १९९५ साली फिरोजाबादला कालिंदी एक्सप्रेस नीलगायीला धडकून उभी राहिली आणि मागून पुरुषोत्तम येऊन आदळली. १९९८ साली खन्नाला फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या रुळावर आडवे पडले आणि काही मिनिटांत सियालदाह एक्सप्रेस त्यांच्यावर आली. दोन्ही ठिकाणी मिळून पाचशेहून जास्त बळी. म्हणूनच नियम सांगतो की गाडी घसरली तर आधी इंजिनावरचा फ्लॅशर दिवा लावा, मग पुढे धावत जाऊन सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर तीन डिटोनेटर रुळांवर ठेवा. मागे लोक किंचाळत असताना त्यांच्याकडे पाठ करून अंधारात सव्वा किलोमीटर पळत जायचं, हे काम किती कठीण असेल याची कल्पना करून पाहा.

बचाव संपतो कधी, हाही एक प्रश्नच. बहानगाला ५१ तासांत मार्ग पुन्हा सुरू झाला आणि त्याचं कौतुकही झालं. अभियंत्यांनी खरोखर अफाट कष्ट केले होते. पण काही मृतदेह भुवनेश्वरच्या एम्समध्ये महिनोन्‌महिने ओळखीविना पडून राहिले, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये २८ जणांवर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार झाले. आरक्षित डब्यातल्या माणसाचं नाव चार्टवर असतं. जनरल डब्यात चढलेल्याचं कुठेच नसतं. तो गाडीत होता हे सिद्ध करायलाही त्याच्या घरच्यांना डीएनएची वाट पाहावी लागली.

नियमांच्या पुस्तकात वाहतूक सुरू करणं शेवटच्या क्रमांकावर आहे, ते योग्यच आहे. मला वाटतं त्याखाली आणखी एक ओळ हवी: गाडीत कोण कोण होतं ते शोधून घरी कळवा. ते होईपर्यंत मदतकार्य संपलं असं कोणी जाहीर करू नये.