क्लोरीन नेमक्या जागी कोण बसवतं?

मागच्या वेळी आपण ज्ञान आणि ज्ञानाचं साधन यांविषयी बोललो. आज त्याचंच एक उदाहरण रसायनशास्त्राच्या इतिहासातून घेऊ.

ऑरिओमायसिन हे औषध जुन्या मंडळींना आठवत असेल. १९४८ साली ते लेडर्ले कंपनीने जगापुढे आणलं. तिथले संशोधनप्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच्या रेणूतल्या ॲरोमॅटिक वलयावर क्लोरीनचा एकच अणू असतो, तोही ठरलेल्या जागी. आपण अशा वलयावर क्लोरीन सोडला तर तो दोन-तीन जागी बसतो, मग मिश्रण निवडत बसा! मातीतल्या जिवाणूला हे कसं जमतं?

हार्वर्ड विद्यापीठात लोवेल हेगर आणि पॉल शॉ यांनी १९५९च्या सुमारास एका बुरशीत क्लोरीन जोडणारं एन्झाइम दाखवलं. पुढे त्याचं नाव पडलं क्लोरोपेरॉक्सिडेज. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साधं क्लोराइड दिलं की ते चालतं. अशी आणखी एन्झाइमं शोधायला मोनोक्लोरोडायमेडोन नावाचा पदार्थ वापरू लागले. त्याला आणखी एक हॅलोजन चिकटला की त्याचं अतिनील प्रकाश शोषणं कमी होतं आणि यंत्रावरचा आकडा घसरतो. झटपट काम. जवळजवळ तीस वर्षं जो तो याच चाळणीने चाळत राहिला, आणि समुद्रशेवाळापासून जिवाणूंपर्यंत भराभर एन्झाइमं सापडत गेली.

आता गंमत बघा. ही एन्झाइमं बहुतांशी हायपोक्लोरस किंवा हायपोब्रोमस आम्ल तयार करून मोकळं सोडतात. ते भेटेल त्याला चिकटतं. चाचणीचा पदार्थही भेटेल त्याला घेणारा. दोघांचं जमलं! नेमक्या जागेचा मूळ प्रश्न मात्र चाळणीतून गळून गेला.

शंका होतीच. १९९६ साली जर्मनीतल्या कार्ल-हाइन्झ व्हान पे यांच्या गटाने स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूतलं असं एक एन्झाइम जनुकासकट निकामी केलं. जिवाणू पायरोलनायट्रिन हे क्लोरीनयुक्त द्रव्य पूर्वीसारखंच बनवत राहिला! म्हणजे इतकी वर्षं पकडला होता तो भलताच. मग उलट्या वाटेने, पायरोलनायट्रिनच्या जनुकांपासून शोध घेतला, तेव्हा खरा कारागीर सापडला: ट्रिप्टोफॅन ७-हॅलोजनेज. त्याला पेरॉक्साइड नको. फ्लेविन, हवेतला ऑक्सिजन आणि क्लोराइड पुरे. जुन्या चाचणीत तो दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्याला ट्रिप्टोफॅनच हवं.

२००५ साली त्याची रचना उलगडली. फ्लेविन एका टोकाला, ट्रिप्टोफॅन दुसऱ्या टोकाला, मध्ये सुमारे १० अँगस्ट्रॉमचा बोगदा. म्हणजे आम्लं इथेही तेच, पण त्याला मोकळं सोडलेलं नाही. ते बोगद्यातूनच जातं, आणि ट्रिप्टोफॅन असं धरून ठेवलेलं असतं की क्लोरीनपुढे फक्त सातवा कार्बन येतो. एरवी क्लोरीन आधी दुसऱ्या कार्बनकडे धावला असता.

एक रडगाणं आहेच. हे एन्झाइम फार संथ, मिनिटाला एखादा रेणू. कारखान्याला ते कसं परवडणार? म्हणून आता प्रयोगशाळांत त्याच्या जनुकात बदल करकरून त्याला पळायला शिकवणं चाललंय. असे हजारो नमुने तपासायचे, म्हणजे पुन्हा एखादी झटपट चाचणी आलीच.