मानापमानाच्या दोन रात्री

मंडालेचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी आणून ठेवले ते आमच्या रत्नागिरीत. त्याच्यासाठी भाट्याच्या खाडीवर बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला, आणि नेमके त्याच वेळी रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. तिथला राजा आमच्याकडे कैदी, आमचा माणूस राजाच्या गावी कैदी! मानाचे आणि अपमानाचे असे विचित्र हिशेब चालले होते त्या दिवसांत मराठी रंगभूमीवर एक हसरे नाटक आले. त्याचे नावच मुळी ‘मानापमान’.

नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि तो सरकारलाही दिसला. अशा मनुष्याने पुढच्याच वर्षी प्रेमाचा खेळ मांडावा याचे कित्येकांना नवल वाटते. पण खेळ नीट पाहावा. भामिनी ही श्रीमंताची लेक. धैर्यधर हा गरीब पण शूर सेनापती. संपत्तीच्या तोऱ्यात ती त्याला झिडकारते, आणि पुढे वनमाला या साध्या मुलीच्या वेषात त्याची योग्यता ओळखून त्याच्यावर प्रेम करू लागते. पैसा भित्र्या लक्ष्मीधराजवळ, तेज निर्धन शिपायाजवळ. पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला यापेक्षा अधिक सांगावे लागत नसेल, असे आपले मला वाटते.

पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने केला. नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर, आणि भामिनी बालगंधर्व. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पूर्वी नाटककार बहुधा स्वतःच चाली योजीत. येथे ते काम एका जाणत्या पेटीवादकाकडे गेले आणि ठुमरी-दादऱ्याचे लोभस वळण नाटकात आले.

त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. खेळ थांबला नाही. बावीस वर्षांचा बाप रंग लावून उभा राहिला आणि भामिनी होऊन गायला.

ही गोष्ट मी वर्गात कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून कित्येक वर्षे सांगत आलो. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, आणि त्या बाळाची आई कुठे होती?” मला उत्तर देता आले नाही. टाळ्यांचा इतिहास आम्ही जपला. त्या रात्री बिऱ्हाडी एकटी बसलेल्या बाईचा जपला नाही. तेव्हापासून ती गोष्ट सांगताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

दुसरी रात्र ८ जुलै १९२१ ची. टिळक निवर्तले त्याला वर्षही झाले नव्हते आणि त्यांच्या नावाने स्वराज्य फंड जमत होता. त्यासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ केले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोघांचे भक्त एरवी एकमेकांची तोंडे पाहत नसत. त्या रात्री ते एका छताखाली बसले. मान कोणाला अधिक मिळाला, ही वादावादी पुढे कित्येक वर्षे चालली. केशवरावांना मात्र ती फार दिवस ऐकता आली नाही. ४ ऑक्टोबरला, जेमतेम एकतिशीत, ते गेले.

पुढे बळवंत संगीत मंडळीच्या मास्टर दीनानाथांनी धैर्यधराला नवे, तडफदार गाणे दिले. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली रंगभूमीवर आणले ते याच मंडळीने. मंडळ्या मोडल्या, तरी ‘मानापमाना’ची पदे मैफलीत राहिली, २०२५ साली त्यावर चित्रपटही निघाला.

आमच्या बाजूला देवळाच्या उत्सवात अजून संगीत नाटके होतात. मागे अशाच एका उत्सवात ‘मानापमान’ पाहिले. पेटी वाजवणारा पोस्टात कामाला, धैर्यधर आंब्याचा बागायतदार. धैर्यधराची तान मध्येच तुटली तेव्हा कोणी हसले नाही. पेटीने सूर धरून ठेवला आणि त्याने पद पुरे केले. पहिल्या रांगेत माझी ती विद्यार्थिनी बसली होती, कडेवर तिचे मूल. ते झोपले तशी ती खेळ अर्धा टाकून उठली. मी वाट करून दिली.