'चॅरिटी' आणि नाणेघाटातील दक्षिणा

जुन्नरहून घाटघर गावी गेले की पुढे नाणेघाटाचा माथा लागतो. तेथील लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानला जाणारा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. ब्यूलर या जर्मन पंडिताचे त्याचे वाचन १८८३ साली प्रसिद्ध झाले. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना नमन, नंतर यज्ञांची यादी आणि पुन:पुन्हा 'दखिना दिना', म्हणजे दक्षिणा दिली. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे, सारे आकड्यांत मांडलेले.

दक्षिणेचे नाते उजव्या हाताशी. 'उजवा' या अर्थाचा लॅटिन शब्द 'देक्स्तेर' तिचा सख्खा भाऊ. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभू म्हणतो. येथे तर कातळालाही कळले आहे!

आमच्या सभांतून सर्रास वापरला जाणारा 'चॅरिटी' हा इंग्रजी शब्द मात्र हातापासून निघालेला नाही. लॅटिन 'कारुस' म्हणजे प्रिय, आणि महागही; त्यावरून 'कारितास'. संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील तेराव्या अध्यायात जेथे ग्रीक 'अगापे' आहे, तेथे लॅटिन बायबलने 'कारितास' योजला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला. १५२६ साली टिंडेलने त्याजागी 'लव्ह' घातला, तेव्हा संत थॉमस मोर यांनी त्यावर कडाडून टीका केली. १५८२ च्या कॅथलिक भाषांतराने 'चॅरिटी' राखला. १६११ च्या प्रॉटेस्टंट भाषांतरानेही राखला, हे विशेष. परंतु शब्द तोवर भिक्षादानाकडे झुकला होता. १६०१ च्या इंग्लंडमधील कायद्यात तो देणगीच्या विनियोगापुरता आला, आणि १८८१ च्या सुधारित भाषांतराने पौलाच्या अध्यायात 'लव्ह'च घातला.

विचित्र गोष्ट अशी की, सारी मालमत्ता गरिबांना वाटली तरी हा गुण नसेल तर काही लाभ नाही, असे पौल त्याच अध्यायात बजावतो. म्हणजे जे पुरेसे नाही असे तो म्हणाला, त्यालाच आज आपण त्या गुणाचे नाव देतो. धर्मग्रामातील एखादी विधवा 'आम्हांला चॅरिटी नको, काम द्या' म्हणते, तेव्हा ती या नव्या अर्थालाच नकार देत असते.

मराठी शास्त्राने तेथे 'प्रीती' ठेवली, म्हणून वाचकाचा घोटाळा झाला नाही. चॅरिटीसाठी सरकारी मराठीने 'धर्मादाय' हा शब्द घेतला. आमच्या संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात ते १९५० च्या कायद्यान्वये. नाणेघाटातील नमनात आलेला धर्म त्या शब्दात अजून आहे.