खाणउद्योगातील ऐच्छिक मानके आणि सभासदत्वे

कायद्याची सक्ती नसताना खाण कंपन्या पर्यावरण, कामगारांची सुरक्षितता, स्थानिकांचे हक्क आणि पैशांचा हिशेब यांबाबत स्वतःवर जे नियम घालून घेतात, त्यांना ऐच्छिक मानके म्हणतात. काही नियम उद्योगसंघटनेच्या सभासदत्वाबरोबर येतात. काही एखादी स्वतंत्र संस्था तयार करते आणि तपासणीनंतर प्रमाणपत्र देते. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत सभासदत्व, मानक आणि प्रमाणपत्र यांची बोधचिन्हे एकाच रांगेत छापलेली असतात, त्यामुळे तिन्हींत गल्लत होते. सभासदत्व कंपनीला मिळते, प्रमाणपत्र बहुधा एका विशिष्ट खाणीला, आणि मानक हा नुसता दस्तऐवज असतो. तो तपासायला कोण जाते आणि त्याचे पैसे कोण देते, यावर त्याची किंमत ठरते.

या साऱ्याची सुरुवात बदनामीतून झाली. पापुआ न्यू गिनीतील ओके टेडी खाणीचा गाळ वर्षानुवर्षे थेट नदीत सोडला जात होता. फिलिपिन्समधील मारिंदुके बेटावर १९९६ मध्ये मार्कॉपर खाणीच्या गाळाने बोआक नदी भरून गेली. १९९८ मध्ये स्पेनमधील अस्नालकोयार येथील बांध फुटला आणि विषारी पाणी दोन्याना अभयारण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले. यानंतर नऊ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन उद्योगाची झाडाझडती घ्यायचे ठरवले. अभ्यासाचे काम लंडनच्या ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एन्व्हायर्न्मेंट अँड डेव्हलपमेंट’ या संस्थेकडे दिले गेले आणि २००२ मध्ये अहवाल आला. त्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन मायनिंग अँड मेटल्स’ म्हणजे आयसीएमएम ही संघटना लंडनमध्ये स्थापन झाली होती. तिने २००३ मध्ये दहा तत्त्वे जाहीर केली आणि जागतिक वारसास्थळांत खाणकाम करणार नाही, असे सभासदांकडून वदवून घेतले. सभासद कंपन्या जेमतेम दोन डझन असल्या तरी बीएचपी, रिओ टिंटो, अँग्लो अमेरिकन, ग्लेनकोर अशी नावे त्यांत असल्याने संघटनेचे वजन मोठे आहे. हिंदुस्थान झिंक ही तिच्यात प्रवेश मिळवणारी पहिली भारतीय कंपनी. तिला हे सभासदत्व २०२५ मध्ये मिळाले.

कॅनडाच्या खाणसंघटनेने २००४ मध्ये वेगळी वाट धरली. ‘टुवर्ड्‌स सस्टेनेबल मायनिंग’ हा तिचा कार्यक्रम संघटनेच्या सभासदांना बंधनकारक आहे, आणि त्यात कंपनीला नव्हे तर प्रत्येक खाणीला सी, बी, ए, एए आणि एएए अशी श्रेणी दिली जाते. खाण आधी स्वतःचे मूल्यमापन करते आणि दर तीन वर्षांनी बाहेरचा तपासनीस ते पडताळतो. श्रेण्या खाणीच्या नावानिशी छापल्या जातात, त्यामुळे कुठे काय कमी आहे ते लपत नाही. फिनलंड, अर्जेंटिना, बोट्सवाना, फिलिपिन्स, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांतील संघटनांनी पुढे हा साचा उचलला.

सोन्याच्या खाणींसाठीची सायनाइड संहिताही अपघातानंतरच आली. ३० जानेवारी २००० च्या रात्री रोमानियातील बाया मारे येथे बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी बाहेर पडले. सोमेश, तिसा आणि पुढे डॅन्यूब या नद्यांतून त्याचा प्रवास झाला आणि हंगेरीत मेलेल्या माशांचे ढीग काठावर लागले. त्यानंतर तयार झालेल्या संहितेत विष बनवणारा कारखाना, ते वाहून नेणारा वाहतूकदार आणि वापरणारी खाण या तिघांची साखळी बांधलेली आहे. प्रमाणित खाणीने प्रमाणित पुरवठादाराकडूनच सायनाइड घ्यायचे आणि तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यायची. संहिता बारकाव्यात शिरते. उघड्या तळ्यात पक्षी उतरतात, म्हणून त्या पाण्यातील सहज सुटे होणारे सायनाइड लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा तिने घातली आहे. विषय एकच आणि आकडे मोजता येण्याजोगे, त्यामुळे ऐच्छिक नियमांत ही संहिता त्यातल्या त्यात घट्ट ठरली.

या क्षेत्रातील सर्वांत मोठा धडा ब्राझीलने दिला. खनिज दळून त्यातला धातू काढून घेतला की मागे पिठासारखा बारीक, ओला गाळ उरतो. त्याला टेलिंग्ज म्हणतात. तो बांध घालून साठवतात आणि साठा वाढेल तसतशी बांधाची उंची वाढवतात. यातली सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे पुढची पायरी आधीच्या साठलेल्या गाळावरच चढवणे. गाळ पुरता निथरलेला नसेल तर एखाद्या क्षणी तो घनपणा सोडून पाण्यासारखा वाहू लागतो. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियानाजवळचा फुंदाओ बांध असाच गेला. १९ माणसे दगावली आणि दोसे नदी थेट समुद्रापर्यंत गढूळली. बांध सामार्को कंपनीचा होता आणि तिच्यात ब्राझीलची ‘वाले’ ही कंपनी व बीएचपी निम्म्या-निम्म्या भागीदार होत्या. बीएचपी तर आयसीएमएमच्या संस्थापक सभासदांपैकी.

पुढचा अपघात आणखी भीषण होता. २५ जानेवारी २०१९ च्या दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी ब्रुमादिन्यो येथील वालेच्या खाणीचा पहिल्या क्रमांकाचा बांध काही सेकंदांत कोसळला. कामगारांचे कँटीन आणि कंपनीची कार्यालये बांधाच्या बरोबर खालच्या अंगाला होती, आणि वेळ जेवणाची. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. गाळ इतक्या वेगाने आला की भोंग्याची यंत्रणाच गाडली गेली, असे कंपनीने नंतर सांगितले. २७० माणसे मेली. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, जर्मनीच्या टीयूव्ही झ्युड या तपासणी कंपनीच्या ब्राझीलमधील शाखेने बांध स्थिर असल्याचे प्रमाणपत्र दिले होते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हा संशय खासगी तपासणीच्या मागे नेहमीच असतो. इथे त्याने फौजदारी खटल्याचे रूप घेतले.

यानंतर हालचाल झाली ती मुख्यतः गुंतवणूकदारांकडून. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांचे निवृत्तिवेतन सांभाळणारे मंडळ आणि स्वीडनच्या सरकारी पेन्शन निधींची नीतिसमिती यांनी जगभरच्या शेकडो कंपन्यांना पत्रे पाठवली आणि तुमचे बांध कुठे आहेत, किती उंच आहेत, कसे बांधले आहेत, हे जाहीर करा असे कळवले. तोवर अशी जागतिक यादीच अस्तित्वात नव्हती. हजारो कोटींचा उद्योग, पण त्याच्या सर्वांत धोकादायक बांधकामांची मोजदाद कुणी केलेली नव्हती! पुढे संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, जबाबदार गुंतवणुकीसाठीचा पीआरआय हा मंच आणि आयसीएमएम यांनी मिळून ५ ऑगस्ट २०२० रोजी टेलिंग्ज व्यवस्थापनाचे जागतिक मानक प्रसिद्ध केले. त्यात १५ तत्त्वे आणि ७७ अटी आहेत. प्रत्येक बांधासाठी एक जबाबदार अभियंता नेमायचा. संचालक मंडळापुढे उत्तर देणारा एक वरिष्ठ अधिकारी नावानिशी ठरवायचा. मोठ्या जोखमीच्या बांधांसाठी स्वतंत्र तज्ज्ञमंडळ ठेवायचे. बांध फुटला तर खाली किती माणसे सापडतील, यावरून त्याचा वर्ग ठरवायचा. आयसीएमएमच्या सभासदांना सर्वांत धोकादायक बांधांसाठी ऑगस्ट २०२३ आणि बाकीच्यांसाठी ऑगस्ट २०२५ अशी मुदत होती.

मानकावर टीकाही झाली, आणि ती गैरलागू नाही. गाळावर गाळ चढवण्याची पद्धत या मानकाने बंद केली नाही. चिलीने ती १९६५ च्या एल कोब्रे दुर्घटनेनंतर, १९७० मध्येच, कायद्याने बंद केली होती. ब्राझीलने ब्रुमादिन्योनंतर काही आठवड्यांतच नियम काढून ती थांबवली. सरकारने एका फटक्यात जे केले, तिथवर स्वखुशीचे मानक पोहोचले नाही. दुसरीकडे, जिथे सरकारी अभियंतेच नाहीत किंवा आहेत ते कंपनीच्या दबावाखाली आहेत, अशा देशांतल्या बांधांची माहिती बाहेर आली ती याच मानकामुळे.

मानक ठरवताना मतदानाचा हक्क कुणाला, या प्रश्नावर सर्वांत वेगळे उत्तर इर्मा म्हणजे ‘इनिशिएटिव्ह फॉर रिस्पॉन्सिबल मायनिंग अ‍ॅशुअरन्स’ या संस्थेने दिले. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या मंडळावर खाण कंपन्या, खनिज विकत घेणाऱ्या कंपन्या, कामगार संघटना, स्वयंसेवी संस्था, खाणीलगतच्या वस्त्या आणि गुंतवणूकदार अशा सहा गटांना सारखेच मत आहे. मानक तयार व्हायला बारा वर्षे लागली. ते जून २०१८ मध्ये आले. एवढा वेळ लागणे साहजिकच होते, कारण एका टेबलावर कधी न बसलेली माणसे प्रत्येक ओळीवर भांडत होती. या मानकात चारशेहून अधिक अटी आहेत. तपासनीस येणार असल्याची सूचना आधी गावकऱ्यांना आणि कामगारांना द्यावी लागते, त्यांच्याशी व्यवस्थापन समोर नसताना बोलावे लागते, आणि कुठल्या कलमात किती गुण पडले तो सगळा अहवाल लोकांपुढे ठेवावा लागतो. निकाल ‘पास-नापास’ असा नसतो. नुसती पारदर्शकता, ५०, ७५ आणि १०० अशा पातळ्या आहेत. झिंबाब्वेतील अँग्लो अमेरिकनच्या उंकी प्लॅटिनम खाणीने २०२१ मध्ये ७५ ची पातळी गाठली. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, फोर्ड असे मोटार बनवणारे इर्माचे सभासद आहेत. बॅटरीतल्या लिथियम-कोबाल्टचा माग ग्राहक विचारू लागले, म्हणून ते इथवर आले.

हिऱ्यांची गोष्ट मुंबईला जवळची आहे. जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला सुरतेला जातात आणि त्यांचा व्यापार वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये चालतो. २००३ पासून कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक पेटीसोबत किंबर्ली प्रक्रियेचे सरकारी प्रमाणपत्र लागते. ही ऐच्छिक व्यवस्था नसून सरकारांमधला करार आहे. पण निषिद्ध ‘संघर्ष-हिऱ्यां’च्या तिच्या व्याख्येत बंडखोरांनी विकलेले हिरेच बसतात. झिंबाब्वेच्या मारांगे भागात अत्याचार करणारे सरकारचेच सैनिक होते, त्यामुळे ते हिरे व्याख्येबाहेर राहिले. ग्लोबल विटनेस ही संस्था २०११ मध्ये याच कारणाने बाहेर पडली. उरलेली पोकळी भरण्याचे काम २००५ मध्ये स्थापन झालेली रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल करते. तिच्या संहितेत कामगारांपासून मनी लाँडरिंगपर्यंत सगळे येते. मात्र युक्रेन युद्ध पेटल्यावर रशियाच्या अलरोसा या हिरेखाण कंपनीला वेळीच दूर न केल्याबद्दल मार्च २०२२ मध्ये रिशमाँ आणि केरिंग या बड्या दागिनेवाल्या समूहांनी कौन्सिल सोडली आणि तिच्या कार्यकारी संचालिकेने राजीनामा दिला. सभासदत्वाला मोल येते ते असे, सोडून जाण्याची धमकी हातात असल्यामुळे.

आणि कधीकधी येतही नाही. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटोने पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकान घळीत स्फोट करून सुमारे ४६,००० वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा असलेल्या गुहा उडवल्या. पुतू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा या लोकांसाठी ती पवित्र जागा होती. कंपनीकडे १९७२ च्या राज्य कायद्याखालची परवानगी होती. आदिवासींच्या संमतीचा आदर करण्याचे आयसीएमएमचे धोरणही होते. दोन्ही असूनही गुहा गेल्या. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघांना गुंतवणूकदारांच्या दबावामुळे पायउतार व्हावे लागले.

भारतात उलटी दिशा दिसते. इथे स्वखुशीचे काम लवकर कायद्यात शिरले. नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोने खाणींना तारे देण्याची पद्धत सुरू केली. २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांच्या ३५ व्या नियमाने ती सक्तीची केली. खाणपट्टाधारक दरवर्षी स्वतःचे गुणपत्रक ऑनलाइन भरतो. मातीचे ढिगारे कसे रचले, खोदून झालेली जमीन कितपत पूर्ववत केली, विस्थापितांचे काय झाले, अशा मुद्द्यांवर गुण असतात आणि ब्युरो ते पडताळतो. आधी स्वतःच गुण घ्यायचे, मग तपासनीस बोलवायचा हा कॅनडाचाच साचा. फरक एवढाच की इथला तपासनीस सरकारी आहे.

गोव्यात या साऱ्याची गरज किती आणि पुरेसेपणा किती, हे दोन्ही दिसले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून २०१०–११ मध्ये सुमारे पाच कोटी टन लोहखनिज बाहेर गेले. रस्ते टिपरनी लाल झाले आणि शेतांत गाळ उतरला. तेव्हा अर्ध्या जगाची मानके लिहून झाली होती. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली, शिवाय विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याचा आदेश. भावी पिढ्यांच्या हिश्शाची अशी तरतूद बहुतेक आंतरराष्ट्रीय मानकांतही सापडत नाही.

मानकांची ही गर्दी आता उद्योगालाच जड झाली आहे. एकाच खाणीत वर्षभरात चार वेगवेगळे तपासनीस तेच प्रश्न घेऊन येतात. म्हणून आयसीएमएम, कॅनडाची खाणसंघटना, तांब्यासाठीचा कॉपर मार्क आणि वर्ल्ड गोल्ड कौन्सिल यांनी चौघांची मानके एकत्र करायला घेतली. पहिला मसुदा ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांच्या मतासाठी खुला झाला. त्यात २४ विषय आणि पायाभूत, चांगली व अग्रेसर अशा तीन पातळ्या आहेत. पायाभूत पातळी इतकी खाली आहे की तिला जबाबदार म्हणता येणार नाही, असा नागरी संघटनांचा आक्षेप आहे. नव्या संस्थेच्या मंडळावर खाण कंपन्यांना किती मते असावीत, हा दुसरा वाद. इर्मा या एकत्रीकरणात गेली नाही. तिने स्वतःच्या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा त्याआधीच, २०२३ मध्ये, काढला होता.