माजी विद्यार्थी शाळेला काय देऊ शकतात?

दिवाळीच्या सुट्टीत किंवा जानेवारीत गावोगावच्या शाळांमध्ये माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. जुन्या बाकांवर बसून पुन्हा एकदा हजेरी घेतली जाते, शिक्षकांचा सत्कार होतो आणि निघताना शाळेला काहीतरी भेट दिली जाते. भिंतीवरचे घड्याळ, चार पंखे, कधी नवे प्रवेशद्वार. आमच्या शाळेच्या अशाच एका मेळाव्यात प्रवेशद्वारासाठी वर्गणी गोळा होत असताना विज्ञानाच्या बाईंनी मला बाजूला बोलावून विचारले, ‘‘वर्षातून एक दिवस येऊन मुलांकडून प्रयोग करून घेशील का?’’ घरी परतताना मनात प्रश्न आला, की माजी विद्यार्थ्यांचा संघ ही कल्पना मुळात निघाली कशासाठी?

त्यासाठी आपल्याला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात जावे लागेल. तेथे डोंगरांनी वेढलेले विल्यम्सटाउन नावाचे छोटे गाव आहे. १७५५ साली लढाईत मारल्या गेलेल्या कर्नल एफ्रेम विल्यम्स यांच्या मृत्युपत्रातील पैशातून तेथे आधी एक शाळा आणि १७९३ मध्ये विल्यम्स महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाचा आपल्याशी एक जुना धागाही आहे. १८०८ साली तेथून पदवी घेतलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभीच्या शाळा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवल्या.

महाविद्यालयाची मोठी अडचण होती ती त्याच्या जागेची. गाव आडवळणी असल्याने विद्यार्थी मिळेनात. १८१९ मध्ये विश्वस्तांनी महाविद्यालय नॉर्थॅम्प्टन येथे हलवण्याचे ठरवले, परंतु राज्याच्या विधिमंडळाने १८२० मध्ये परवानगी नाकारली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर यांनी राजीनामा दिला आणि ॲम्हर्स्ट येथे नव्याने निघालेल्या महाविद्यालयाचे अध्यक्षपद स्वीकारले. त्यांच्याबरोबर पंधरा विद्यार्थीही गेले. आपल्या शाळेची पटसंख्या घसरताना आणि मुले शेजारच्या शाळेत जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या वेळच्या विल्यम्समधील वातावरणाची कल्पना सहज येईल.

अशा वेळी, ५ सप्टेंबर १८२१ रोजी, पदवीदान समारंभासाठी जमलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघ स्थापन केला. संस्थेने ज्यांना शिकवले त्यांनी आपले वजन एकत्र करून तिला आधार द्यावा, तिचे रक्षण करावे आणि तिच्यात सुधारणा घडवावी, हा त्याचा उद्देश होता. आजही चालू असलेला हा जगातील सर्वांत जुना माजी विद्यार्थी संघ मानला जातो. संस्था टिकेल असा विश्वास उघडपणे दाखवणे, ही त्याची पहिली मदत होती. एडवर्ड डॉर ग्रिफिन हे नवे अध्यक्ष आले आणि महाविद्यालय तगले.

संस्थेला आधार देण्याचे इतर मार्गही विल्यम्सच्या इतिहासात दिसतात. १७९९ चे पदवीधर एमॉस ईटन जमिनीच्या एका वादात खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून काही वर्षे तुरुंगात होते. सुटल्यावर १८१७ मध्ये ते विल्यम्समध्ये परत आले आणि वनस्पतिशास्त्र व भूशास्त्रावर व्याख्याने देऊ लागले. विद्यार्थी इतके रंगले, की त्यांच्या वनस्पतिशास्त्राच्या टिपणांचे पुस्तक विद्यार्थ्यांनीच छापून घेतले. पुढे १८२४ मध्ये ट्रॉय येथे रेन्सेलर शाळा निघाली. तेथे ईटन यांनी विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करायचे आणि स्वतःच व्याख्यान द्यायचे, अशी पद्धत रुजवली.

दुसरे उदाहरण अल्बर्ट हॉपकिन्स यांचे. १८२६ मध्ये पदवी घेऊन ते तेथेच शिक्षक झाले. १८३४ मध्ये युरोपात जाऊन त्यांनी उपकरणे आणली आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, खाणीतून दगड काढून वेधशाळा बांधली. १८३८ साली पुरी झालेली ही वास्तू अमेरिकेतील आज उभ्या असलेल्या वेधशाळांपैकी सर्वांत जुनी आहे. आता तेथे तारांगण आहे.

अल्बर्ट यांचे बंधू मार्क हॉपकिन्स हेही तेथलेच विद्यार्थी. ते १८३६ पासून १८७२ पर्यंत महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. त्यांचे एक विद्यार्थी म्हणजे जेम्स गारफिल्ड. समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळावरून पायथागोरसच्या प्रमेयाची सुंदर सिद्धता १८७६ मध्ये प्रसिद्ध करणारे हेच गारफिल्ड पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १८७१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे विल्यम्सच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगी त्यांनी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. त्यांचे नेमके शब्द कोणी टिपून ठेवले नाहीत, पण आशय असा होता : लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला मार्क हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी बसला, की झाले महाविद्यालय! २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, तेव्हा ते विल्यम्सच्याच समारंभासाठी निघाले होते.

मग इमारती आणि उपकरणे नकोतच का? तसे नाही. वेधशाळेशिवाय अल्बर्ट हॉपकिन्स तरी आकाश कसे दाखवणार? निधीही लागतोच. येल विद्यापीठाने १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी निधी जमवण्याची पद्धत सुरू केली आणि नंतर अनेक संस्थांनी ती उचलली. पण पैसा आणि वस्तू शिक्षकाच्या हाती काम देणाऱ्या असाव्यात. घड्याळ वेळ दाखवते. वर्ग मात्र शिक्षकालाच घ्यावा लागतो.

तेव्हा पुढच्या मेळाव्याआधी शिक्षकांनी एक यादी करून पाहावी. आपले माजी विद्यार्थी कोण काय करतात? पंप दुरुस्त करणारा विजेची मोटार उघडून दाखवील, दवाखान्यातील तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब दाखवील, शेतकरी मातीची परीक्षा शिकवील. वर्गणीच्या वहीत रकमेशेजारी ‘दिवस’ असा आणखी एक रकाना आखावा. आमच्या मेळाव्यात प्रवेशद्वाराची वर्गणी पुरी झाली. बाईंना मी एक दिवस कबूल केला आहे.